सांगळेकाकांचा दुसरा ठिपका

"हात अजून सोन्याचा आहे म्हाताऱ्याचा. डोकं मात्र हल्ली दगा देतं म्हणे."

फाटकाशी हेल्मेट हातात घेऊन उभ्या असलेल्या दोघांपैकी एकजण हे म्हणाला, तेव्हा मी त्यांच्यापासून चार हातांवर प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. मांडीवर लॅपटॉप होता. मी त्यांना दिसत नव्हते असं नाही. पण गप्प बसणाऱ्या मुलीसमोर लोक मोकळेपणानं बोलतात. तिला कान असतील असं त्यांच्या मनात येत नाही.

ज्यांच्याबद्दल ते बोलत होते ते सांगळेकाका पार्किंगमध्ये पाठमोरे उभे होते आणि लाकडी फळीवर मांडलेले नट-बोल्ट आवळायचे पाने मोजत होते. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर ते पाने मोजत. एकोणीस. "एक कमी भरला तर तो इंजिनात हाय असं समजायचं," असं ते म्हणत. त्या दिवशी त्यांनी ते तीनदा मोजले. दोनदा एकोणीसच भरले होते, तरीही. त्या दोघांचं तिकडे लक्ष नव्हतं. माझं होतं.

सांगळेकाका इंदिरानगरमध्ये एका रो-हाऊसमध्ये राहायचे. मूळचे सिन्नरकडचे. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य घालवून निवृत्त झाले आणि घराच्या पार्किंगमध्ये मोठ्या, वेगवान स्पोर्ट्स बाइकची इंजिनं उघडून नव्यानं बांधायला लागले. पाटी नाही, कार्ड नाही. एका वेळी एकच इंजिन बाकावर. दुसरं कुणी घेऊन आलं तर म्हणत, "ठेवा. पन हात लागंल तेव्हा लागंल." आता ते तिथं राहत नाहीत. सिन्नरला मुलाकडे असतात, आणि इंजिनाचं काम त्यांनी सोडलंय. लोक म्हणतात वय झालं. मला माहीत आहे की त्याला मीही कारण आहे, म्हणून हे लिहायला बसले.

माझा आणि मोटारसायकलींचा संबंध फक्त भीतीचा. निखिलदादा, माझा मोठा भाऊ, इगतपुरीच्या पुढे महामार्गावर असताना त्याच्या सहाशे सीसीच्या गाडीचं इंजिन चालता चालता जाम झालं. मागचं चाक एका क्षणात अडकलं. दादा गाडीवरून सुटून रस्त्यावर लांबपर्यंत घसरत गेला. खांद्याजवळचं हाड मोडलं, डाव्या दंडाची कातडी गेली, आणि तो वाचला. त्याचं हेल्मेट मी पाहिलं होतं. एक बाजू खोबरं किसावं तशी किसली गेली होती. आईनं ते कुठं टाकलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर संध्याकाळी दादाला उशीर झाला की मी खिडकीशी जाऊन उभी राहायचे आणि खाली येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ओळखायचा प्रयत्न करायचे.

गाडी विकून टाक, असं घरात सगळ्यांनी सांगितलं. दादानं ऐकलं नाही. इंजिन सांगळेकाकांकडे दिलं आणि मला तिथं बसवलं, कारण काकांची एक अट होती. कंपनीचं मॅन्युअल इंग्रजीत होतं आणि ते कुणीतरी समोर बसून वाचून दाखवायला हवं होतं. दादाचा हात गळ्यात बांधलेला, दिवसभर नोकरी. माझं एम.ए. नुकतंच संपलं होतं आणि मी घरी बसून ऑनलाइन भाषांतराची कामं करत होते.

"मला इंग्रजी येत नाय असं नाय," पहिल्या दिवशी काका मला म्हणाले. "पन येतं तेवढ्यावर चौदा हजाराचं इंजिन बांधू नये."

मला वाटलं ते किमतीबद्दल बोलताहेत. त्यांना ते कळलं. त्यांनी माझ्या मनगटाकडे बोट दाखवलं. "तुझी नाडी मिनिटाला किती? सत्तर? घाबरलीस तर शंभर? हे मिनिटाला चौदा हजार वेळा फिरतं. आता सांग, कोनी कोनाला भ्यायचं?"

आमची पहिली अडचण आकड्यांची झाली. मी इंग्रजी शाळेतली. 'फिफ्टी नाइन'ला मराठीत काय म्हणतात ते आठवायला मला मनातल्या मनात पाढे म्हणावे लागायचे. मी दोनदा अडखळल्यावर काकांनी आतून एक पाटी आणली, नातवाची असावी, आणि खडू माझ्या हातात दिला. "तोंडानं सांगू नको. हितं मोठं लिही आन् माझ्यापुढं धर. आकड्यात अंदाज नको." तेव्हापासून प्रत्येक माप मी पाटीवर लिहायचे, काका ते वाचून मान हलवायचे, मी फोनवर फोटो काढायचे आणि मग पुढे जायचो. फोटो दादासाठी होते. त्याला रोज पाठवायचे असत.

मॅन्युअलच्या बाबतीत ते फार कडक होते. मी एखादं वाक्य सोपं करून सांगितलं की विचारत, "हे कंपनीनं म्हटलंय का तू म्हनतीस?" मी खाली बघत म्हणायचे, "सॉरी काका, मी." सॉरी हा शब्द माझ्या तोंडी कायम तयार असतो. चूक माझी असो नसो, तो म्हटला की समोरचा बोलायचं थांबतो आणि मला पुन्हा गप्प बसता येतं.

काकांनी एकदा पाना हातात धरूनच विचारलं, "तुला शाळेत लय मारायचे का गं?"

"नाही काका."

"मग उगं काय सॉरी सॉरी? सॉरीनं नट घट्ट होत नाय."

आतून काकू ओरडल्या, "तिला छळू नका हो, जाईल पळून!" काका म्हणाले, "पळंल कशी? पायाखाली समदे पिस्टन मांडलेत." मला हसू आलं. तिथं मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

त्या माणसाची भीती मात्र खरी होती, आणि ती ते लपवत नसत. इंजिनाला हात लावण्याआधी घड्याळ काढत, अंगठी काढून काकूंकडे देत, हात कोपरापर्यंत धूत. खिसा असलेला शर्ट कधी घालत नसत. वाकताना खिशातून काही पडलं तर, म्हणून. बेअरिंगमधलं अंतर मोजायला मेणाचा केसासारखा बारीक दोरा येतो. तो दाबला की किती पसरतो त्यावरून माप कळतं. काका त्याला शेवई म्हणत, आणि ती शेवई चिमटीनं ठेवताना श्वास रोखून धरत. एखादा गिऱ्हाईक "होऊन जाईल काका" असं म्हणाला, तर ते काम थांबवून त्याच्याकडे नुसतं बघत राहत. तो गप्प झाला की म्हणत, "न भिनाऱ्याचा फोटो लवकर भिंतीवर जातो, मालक."

कारखान्यात तरुणपणी त्यांच्या शेजारच्या माणसाची तीन बोटं प्रेसमध्ये गेली होती. साचा ज्यानं आवळायचा होता त्याला विचारलं तर तो म्हणाला, मला वाटलं दुसऱ्यानं आवळला. "मला वाटलं," काका तो शब्द चावून म्हणत. "तीन बोटं गेली, आन् कोनाचीच चूक नाय!" त्या दिवसापासून त्यांचा नियम होता: जो आवळील त्यानंच त्या बोल्टवर ठिपका द्यायचा, दुसऱ्यानं नाही, आणि नंतर नाही. त्यासाठी काकूंची लाल नेलपॉलिशची बाटली फळीवर असायची.

पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारे दांडे असतात, कनेक्टिंग रॉड. दादाच्या गाडीत असे चार. प्रत्येकाला दोन बोल्ट. दादा पडला तो यांतल्याच एका रॉडचं बेअरिंग गेल्यामुळे. म्हणून ज्या दिवशी हे आठ बोल्ट आवळायचे होते त्या दिवशी काकांनी चहासुद्धा घेतला नाही. हे बोल्ट दोन टप्प्यांत आवळायचे असतात. आधी टॉर्क पान्यानं, ठरलेला जोर भरून पाना 'कट्' असं म्हणेपर्यंत. मग आणखी नव्वद अंश फिरवायचं. मी दोन्ही पाटीवर लिहिलं. काकांनी कंपासपेटीतला चांदा काढला.

"पहिला ठिपका कटचा, दुसरा ठिपका नव्वदचा," ते म्हणाले. "नुसतं कट झालेला बोल्ट म्हंजी दार लोटून घेतलंय, कडी लावली नाय. वारा सुटला की उघडनार. आन् हा उघडला तर तुझा भाऊ दुसऱ्यांदा उठायचा नाय."

तीन रॉड झाले. चौथ्याचे दोन्ही बोल्ट कट् झाले. काकांनी एकेक ठिपका दिला. मी फोटो काढला. मग त्यांनी चांदा उचलला, आणि तसेच थांबले. हातातल्या चांद्याकडे बघत. कुणी माणसाच्या हातात अनोळखी वस्तू देऊन जावं आणि तो बघत राहावा, तसं.

"तुझ्या दादाचं हाड जुळलं का गं?" त्यांनी विचारलं. सकाळपासून ते तिसऱ्यांदा विचारत होते.

"जुळलंय, काका. पट्टाही निघाला."

"बरं झालं." त्यांनी चांदा कंपासपेटीत ठेवला. पेटी मिटली. "झाले चार. पुढचं पान घे."

मी पुढचं पान घेतलं.

मला स्वतःला अजून नीट सांगता येत नाही, मी तेव्हाच का बोलले नाही. मला वाटलं, मी फोटो काढत असताना त्यांनी केलं असेल. मला वाटलं, इतकी वर्षं हे काम केलेल्या माणसाला मी काय सांगणार. मला वाटलं. तोच शब्द.

घरी आल्यावर, स्वयंपाकघरात आई पोळ्या करत असताना, मी ओट्याला टेकून फोन उघडला. निघण्याआधी काढलेला शेवटचा फोटो होता. त्यात पाटी दिसत होती, माझ्या अक्षरात नव्वद अंश लिहिलेली. सहा बोल्टांवर दोन दोन ठिपके. चौथ्या रॉडच्या दोन बोल्टांवर एकेक. मी फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, लाल डाग फुटून त्याचे चौकोन दिसायला लागेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवून गेले. रस्त्यात वाक्य पाठ केलं. पोहोचले तर काकांनी इंजिनाची खालची केस, त्याचं खालचं कवच, बसवायला घेतली होती, म्हणजे क्रँक आणि ते चारही रॉड कायमचे झाकले जाणार होते. दोन्ही कडांना लावलेलं सीलंट ओलं होतं. आणि फाटकाशी ते दोघे उभे होते, हेल्मेट हातात घेऊन. एकाची गाडी ताडपत्रीखाली नंबराला होती. म्हाताऱ्याचं डोकं दगा देतं, हे तो म्हणाला ते तेव्हा. काकांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते पाने मोजत होते. मी आता तोंड उघडलं असतं तर त्या माणसाचं वाक्य मी खरं करून दाखवलं असतं, त्याच्याच समोर. मी लॅपटॉप उघडला आणि पान वाचलं. केस बसली. एकेक बोल्ट आवळला गेला, एकेक ठिपका पडला. यावेळी एकही चुकला नाही.

त्यानंतरचे चार दिवस मी रोज गेले आणि रोज पान वाचून परत आले. खाली ऑइलचा ट्रे लागला. वर हेड बसलं. टायमिंग चेन आली, कॅमशाफ्ट आले. रोज काहीतरी त्या दोन बोल्टांवर चढत होतं, आणि रोज ते सांगणं कालच्यापेक्षा अवघड होत होतं. काका मात्र त्या दिवसांत खुशीत होते. व्हॉल्व्हमधलं अंतर पहिल्याच झटक्यात बरोबर आलं, तेव्हा काकूंना हाक मारून म्हणाले, "अगं बघ, अजून येतंय मला!" काकू हसल्या, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. काकांना विसरायला होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्या घरात ठाऊक असलेल्या आम्ही दोघी होतो आणि दोघीही गप्प होतो.

दादाला सांगून पाहिलं. "दादा, समज, आतला एखादा बोल्ट नीट आवळायचा राहिला तर?"

"महिन्याभरात मेकॅनिक झालीस काय?" तो जेवता जेवता हसला. "सांगळेकाकांचा हात आहे तो, वेडे. मुंबईहून लोक येतात." मग आईकडे पाहून हळू आवाजात मला म्हणाला, "रविवारी कसारा घाट. ग्रुप ठरलाय. हिला सांगू नकोस."

मी कुणालाच काही सांगत नव्हते.

शनिवारी सकाळी इंजिन गाडीत बसलेलं होतं. नवं ऑइल, नवं कूलंट. दादा त्याचा मित्र यश याला घेऊन आला होता. यशनं पहिला आवाज टिपायला फोन आधीच आडवा धरला होता. काकांनी स्पार्क प्लग काढून इंजिन नुसतं फिरवून घेतलं, ऑइल सगळीकडे पोहोचलं याची खात्री केली, प्लग परत लावले. मग हात धुऊन आले. ते म्हणाले, "लांब व्हा समदे. मागं कुनी उभं राहू नका." आम्ही भिंतीला टेकलो. त्यांचा अंगठा स्टार्टच्या बटणावर गेला.

"काका."

आवाज बाहेर आलाच नाही. ओठ हलले फक्त.

"काका!"

हे मोठं आलं, माझ्या कल्पनेपेक्षा खूपच मोठं. काकूही दारात आल्या. काकांनी अंगठा काढला. तिथल्या नियमाप्रमाणे कुणीही थांबा म्हटलं की आधी थांबायचं आणि मग कारण विचारायचं.

"काय गं?"

मी फोन पुढे केला. बोटानं दाखवलं: हा बोल्ट, हा बोल्ट. काकांनी चष्मा चढवला. फोन जवळ धरला, लांब धरला. शेजारच्या घरातला कुकर दोनदा वाजला.

"ठिपका द्यायचा राहिला असेल अगं," दादा म्हणाला. "आवळला तर असेलच ना. एवढ्यावरून परत सगळं खोलायचं?"

"चालू तर करून बघू ना काका," यश म्हणाला. "आवाजावरून कळेलच."

काकांनी दोघांकडेही पाहिलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. मी त्यांना इंजिनाला घाबरताना रोज पाहिलं होतं, पण ती भीती हातांत असायची, सावध आणि कामाची. आता जी होती ती डोळ्यांत होती. दादाच्या गाडीची नव्हतीच ती.

"तू ती नव्वदची ओळ वाचलीच नसशील," ते हळूच म्हणाले. "व्हय ना? पान पलटताना राह्यली असंल. होतं असं."

मला कळलं की ते काय मागताहेत. आणि देणं किती सोपं होतं! एकच शब्द, माझा नेहमीचा. सॉरी काका. दादा थोडा ओरडला असता, इंजिन परत उघडलं असतं, सगळं नीट झालं असतं. म्हाताऱ्या माणसाची लाज राहिली असती. मी तोंड उघडलंसुद्धा.

मागे ताडपत्रीखाली दुसरी गाडी उभी होती. तिचं इंजिन सोमवारी बाकावर चढणार होतं. त्याचं मॅन्युअल वाचायला मी नसणार होते. फोटो काढायला कुणी नसणार होतं. त्या गाडीवर कोण बसतं ते मला माहीत होतं, त्याच्या घरी खिडकीशी कोण उभं राहतं ते माहीत नव्हतं. काकू दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि यावेळी नजर काढून घेतली नाही.

"मी वाचली होती, काका," मी म्हटलं. "तुम्ही विसरलात."